राज्यांच्या खर्चाचे पुस्तक आणि वाचकावर सोडलेला भागाकार

भारतीय रिझर्व्ह बँक दरवर्षी सर्व राज्यांच्या अर्थसंकल्पांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध करते. 'स्टेट फायनान्सेस : अ स्टडी ऑफ बजेट्स' या नावाचे हे प्रकाशन अर्थशास्त्राचे विद्यार्थी, पत्रकार, धोरणांचे अभ्यासक आणि राज्यांच्या कर्जरोख्यांत पैसा गुंतवणाऱ्या संस्था अशा सर्वांच्या उपयोगाचे असून बँकेच्या संकेतस्थळावरून ते कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. या परीक्षणात मी ते एकाच प्रश्नाच्या कसोटीवर तपासणार आहे. देशाच्या एका भागातल्या माणसामागे सरकार वर्षाला किती रुपये खर्च करते, दुसऱ्या भागातल्या माणसामागे किती, आणि हा फरक सामान्य वाचकाला या पुस्तकातून कळतो का? माझे मत आधीच सांगतो. राज्यांच्या खर्चाची इतकी शिस्तबद्ध आणि विश्वासार्ह मांडणी आपल्याकडे दुसरी नाही. मात्र तिच्यातले नेहमीचे तक्ते कोटी रुपयांत किंवा राज्याच्या स्थूल उत्पादाच्या, म्हणजे राज्यात वर्षभरात निर्माण झालेल्या वस्तू व सेवांच्या एकूण मूल्याच्या, टक्क्यांत असतात, दरडोई रुपयांचा हिशेब वाचकाला स्वतः करावा लागतो, आणि ही उणीव किरकोळ मानता येत नाही, कारण मोजमाप बदलले की राज्यांचा क्रमच उलटा होतो.

पुस्तकाची गरज का पडते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. फेब्रुवारी २०२४ मध्ये मांडलेल्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पांपैकी महाराष्ट्राच्या अंतरिम अर्थसंकल्पात एकूण खर्च ६,००,५२२ कोटी रुपये दाखवला होता, तर बिहारच्या अर्थसंकल्पाचा आकार २,७८,७२६ कोटी रुपये होता. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत हेच आकडे ठळक अक्षरांत येतात आणि त्यांची तुलनाही होते. परंतु बिहारच्या आकड्यात जुन्या कर्जाच्या मुद्दलाची परतफेड धरलेली आहे आणि ती रक्कम वीस हजार कोटींहून अधिक आहे. महाराष्ट्राच्या आकड्यात ५,०८,४९२ कोटींचा महसुली खर्च (वेतन, व्याज, अनुदाने असा चालू खर्च) असून उरलेल्या सुमारे ९२ हजार कोटींत भांडवली कामे आणि इतरांना द्यायची कर्जे येतात. खुल्या बाजारातून उचललेल्या कर्जाची परतफेड त्यात तशी मिसळलेली नाही. म्हणजे दोन्ही ठिकाणी 'एकूण खर्च' हाच शब्दप्रयोग असला तरी त्याच्या पोटात वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मुद्दलाची परतफेड हा त्या वर्षी जनतेला मिळालेल्या सेवेवरचा खर्च नव्हे. रिझर्व्ह बँकेचे पुस्तक सर्व राज्यांची अंदाजपत्रके एका साच्यात बसवते, परतफेडीला स्वतंत्र ओळ देते, आणि त्यामुळे ती वजा करून खरी तुलना करणे शक्य होते. हे काम कंटाळवाणे आहे, कौशल्याचे आहे आणि एखाद्या खासगी अभ्यासकाला एकट्याने झेपणारे नाही. केवळ एवढ्यासाठीही या प्रकाशनाचे मोल फार मोठे आहे.

महसुली खर्चाचे परिशिष्ट उघडले की त्याची रचना ध्यानात येते. प्रत्येक राज्यासाठी चार स्तंभ असतात: दोन वर्षांपूर्वीचे प्रत्यक्ष लेखे, गेल्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. आडव्या ओळींत खर्चाचे तीन मोठे भाग पडतात. पहिला विकासात्मक खर्च, ज्यात शिक्षण, वैद्यकीय सेवा व सार्वजनिक आरोग्य, पाणीपुरवठा व स्वच्छता यांसारख्या सामाजिक सेवा आणि शेती, पाटबंधारे, वीज, रस्ते यांसारख्या आर्थिक सेवा येतात. दुसरा विकासेतर खर्च, ज्यात व्याज, निवृत्तिवेतन, पोलीस आणि प्रशासन येते. तिसरा स्थानिक स्वराज्य संस्थांना दिलेली अनुदाने. माणशी खर्च काढू पाहणाऱ्याने 'एकूण' या ओळीवर थांबू नये, असा माझा आग्रह आहे. ज्या राज्याने पूर्वी मोठी नोकरभरती केली आणि मोठी कर्जे उचलली, त्याचा दरडोई खर्च आज मोठा दिसतो, परंतु त्यातला मोठा वाटा व्याज आणि निवृत्तिवेतनात जातो. पंजाब, केरळ आणि हिमाचल प्रदेश ही या प्रकारची ठळक उदाहरणे आहेत. नागरिकाला आज काय मिळते हे पाहायचे असेल तर सामाजिक सेवांची ओळ, आणि तिच्यातही शिक्षण व आरोग्य या उपओळी, लोकसंख्येने भागून पाहाव्यात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पुस्तकातील विश्लेषणाचे आवडते माप आहे ते स्थूल राज्य उत्पादाशी असलेले प्रमाण. राजकोषीय तूट, कर्ज, व्याज, भांडवली खर्च, सर्व काही या मापाने मोजले जाते. राज्य आपले कर्ज फेडू शकेल का, हा प्रश्न विचारणाऱ्यासाठी ते माप योग्यच आहे, आणि राज्य सरकारांच्या कर्जांचे व्यवस्थापन करणाऱ्या मध्यवर्ती बँकेने तो प्रश्न आधी विचारावा हेही स्वाभाविक आहे. परंतु नागरिकाचा प्रश्न वेगळा आहे. २०२४-२५ साठी बिहारचे स्थूल राज्य उत्पाद सुमारे ९.७६ लाख कोटी रुपये आणि महाराष्ट्राचे सुमारे ४२.६७ लाख कोटी रुपये धरले होते. या मापाने बिहारचा खर्च, परतफेड वगळली की धरली यानुसार, उत्पादाच्या सव्वीस ते साडेअठ्ठावीस टक्के येतो आणि महाराष्ट्राचा चौदा टक्क्यांच्या आसपास. तक्ता वाचणाऱ्याला वाटेल की बिहार सरकार महाराष्ट्र सरकारच्या जवळजवळ दुप्पट खर्च करते. हेच आकडे लोकसंख्येने भागा. महाराष्ट्रात माणशी वर्षाला सुमारे ४७ हजार रुपये येतात आणि बिहारमध्ये, कर्जाची परतफेड वगळली तर, वीस हजारांच्या आसपास. एका मापाने जो दुप्पट खर्चिक, तोच दुसऱ्या मापाने निम्म्याहूनही कमी. दोन्ही विधाने खरी आहेत; पण शाळेत शिक्षक किती, दवाखान्यात औषध किती, याच्याशी नाते आहे ते दुसऱ्या विधानाचे. पाटण्यात औषधाची बाटली स्वस्त मिळते किंवा डॉक्टरला वेतन कमी लागते असे फारसे घडत नाही, त्यामुळे माणशी उपलब्ध असलेले रुपये हीच सेवेची कमाल मर्यादा ठरते.

इथे वाचक विचारेल की केंद्र सरकार गरीब राज्यांना अधिक पैसा देते, मग ही दरी उरते कशी. या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातील महसुली जमेच्या परिशिष्टात आहे आणि ते शोधण्यासारखे आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्रीय करांच्या विभाज्य निधीतला (राज्यांसोबत वाटून घ्यायच्या करउत्पन्नातला) ४१ टक्के भाग राज्यांना द्यावा अशी शिफारस केली आणि राज्याराज्यांत तो वाटताना उत्पन्नातील अंतराला (राज्याचे दरडोई उत्पन्न श्रीमंत राज्याहून किती कमी आहे, याला) ४५ टक्के, २०११ च्या लोकसंख्येला १५, क्षेत्रफळाला १५, लोकसंख्या नियंत्रणातील कामगिरीला १२.५, वने व पर्यावरणाला १० आणि करवसुलीच्या प्रयत्नांना २.५ टक्के भार दिला. या सूत्राने बिहारच्या वाट्याला १०.०५८ टक्के आले आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ६.३१७ टक्के. २०११ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत बिहारचा हिस्सा सुमारे ८.६ टक्के आणि महाराष्ट्राचा सुमारे ९.३ टक्के होता. म्हणजे लोकसंख्येच्या प्रमाणात बिहारला सव्वापटीच्या जरा आत आणि महाराष्ट्राला दोन तृतीयांश मिळाले. अरुणाचल प्रदेशाचा वाटा तर १.७५७ टक्के, म्हणजे त्याच्या लोकसंख्येच्या हिश्श्याच्या पंधरापट आहे. वाटपाचा कल गरीब आणि दुर्गम राज्यांकडे आहे, यात शंका नाही.

तरीही दरी बुजत नाही, कारण हा पैसा एकूण खर्चाचा एक तुकडा आहे. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात बिहारसाठी करवाट्याचे सुमारे १,२५,४४५ कोटी आणि महाराष्ट्रासाठी ७८,७८६ कोटी रुपये दाखवले होते. माणशी हिशेब केला तर बिहारला साधारण साडेनऊ हजार आणि महाराष्ट्राला सव्वासहा हजारांच्या आसपास. बिहारला तीन हजारांहून अधिक जास्त मिळतात, पण एकूण खर्चातली दरी पंचवीस हजारांहून मोठी आहे. तिचे मूळ राज्यांच्या स्वतःच्या करमहसुलात आहे. बिहारच्या महसुली जमेपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश रक्कम केंद्राकडून येते, तर महाराष्ट्र आपला बहुतांश महसूल वस्तू व सेवा कर, मुद्रांक शुल्क, विक्रीकर आणि उत्पादन शुल्क यांतून स्वतः उभारतो. 'आमचा पैसा त्यांना जातो' ही तक्रार मुंबईत ऐकू येते आणि 'आम्हांला पुरेसे मिळत नाही' ही पाटण्यात. दरडोई स्तंभ समोर ठेवला तर दोन्ही तक्रारींमध्ये तथ्य आहे हे कळते आणि चर्चा निदान एका पायावर येते. आपल्याकडे वित्त आयोगावरची चर्चा केवळ टक्केवारीच्या तक्त्यावर होते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

भागाकार करायचा म्हटले की भाजक कोणता हा प्रश्न येतो, आणि माझ्या मते इथेच सामान्य वाचकाला मदतीची सर्वांत जास्त गरज आहे. शेवटची जनगणना २०११ मध्ये झाली. २०२१ ची झाली नाही आणि पुढची २०२७ मध्ये होणार आहे. २०११ च्या आकड्याने, म्हणजे १०.४१ कोटींनी, बिहारचा २०२४-२५ चा अर्थसंकल्प भागला तर माणशी सुमारे २६,८०० रुपये येतात. बिहार सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या जातनिहाय गणनेत लोकसंख्या १३.०७ कोटी आढळली. तिने भागले तर आकडा २१,३०० वर उतरतो. अर्थसंकल्प तोच, पैसा तोच, आणि जुना भाजक वापरल्यामुळे माणशी साडेपाच हजार रुपये कागदावर वाढले. ज्या राज्याची लोकसंख्या वेगाने वाढली त्याला जुना भाजक उदार दाखवतो. तमिळनाडू किंवा केरळ यांसारख्या वाढ मंदावलेल्या राज्यांच्या बाबतीत हा फरक बराच कमी पडतो. म्हणून २०११ ची लोकसंख्या वापरून केलेली राज्यांची क्रमवारी कुठे दिसली तर तिच्यावर विसंबू नये. राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तज्ज्ञ गटाने २०११ ते २०३६ या काळासाठी केलेले राज्यनिहाय लोकसंख्येचे अंदाज उपलब्ध आहेत आणि तूर्त तेच वापरणे इष्ट आहे. वर महाराष्ट्रासाठी मी १२.७ कोटींचा भाजक घेतला आहे तो त्यांच्याच आधाराने.

भाजकाची आणखी एक बाजू आहे आणि ती केवळ तांत्रिक नाही. बिहारच्या त्या १३.०७ कोटींत तात्पुरते राज्याबाहेर राहणारे सुमारे ५४ लाख लोकही मोजलेले आहेत. भिवंडीच्या यंत्रमागावर किंवा सुरतच्या कारखान्यात वर्षातले दहा महिने काढणाऱ्या कामगाराचे पाणी, रस्ता आणि दवाखाना महाराष्ट्र किंवा गुजरातच्या खर्चातून येतो, आणि त्याच्या मुलांची शाळा बिहारच्या खर्चातून. त्याला कोणत्या राज्याच्या भाजकात धरायचे? उत्तर सोपे नाही, परंतु तक्त्याखाली एक तळटीप देऊन निदान प्रश्न नोंदवता येतो.

या पुस्तकाच्या कक्षेबाहेर काय राहते, हेही वाचकाने समजून घेतले पाहिजे. इथे राज्य सरकारच्या तिजोरीतून होणारा खर्च आहे. केंद्र सरकार जो पैसा थेट खर्च करते, मग ती रेल्वे असो, राष्ट्रीय महामार्ग असोत, अन्नधान्यावरील अनुदान असो की शेतकरी कुटुंबाला वर्षाला सहा हजार रुपये देणारी किसान सन्मान योजना असो, तो या तक्त्यांत येत नाही. तेव्हा एखाद्या प्रदेशातल्या माणसावर 'सरकार' किती खर्च करते, याचे उत्तर इथे अपुरेच मिळते. उलट दिशेने एक फसगतही होऊ शकते. २०१४-१५ पूर्वी केंद्रपुरस्कृत योजनांचा बराच निधी राज्याच्या कोषागाराला वळसा घालून थेट अंमलबजावणी करणाऱ्या संस्थांच्या खात्यात जात असे. त्या वर्षापासून तो राज्यांच्या अर्थसंकल्पातून जाऊ लागला. त्यामुळे त्या वर्षी अनेक राज्यांच्या खर्चाने घेतलेली उडी हा काही अंशी हिशेबाच्या वाटेतला बदल आहे. जुन्या वर्षांची मालिका काढून 'दहा वर्षांत दरडोई खर्च इतका वाढला' असे लिहिणाऱ्यांनी हे वर्ष जपून ओलांडावे.

महानगरपालिकांचे तसेच. बृहन्मुंबई महानगरपालिकेचा २०२४-२५ चा अर्थसंकल्प ५९,९५४ कोटी रुपयांचा होता आणि २०११ च्या जनगणनेनुसार तिच्या हद्दीत सुमारे १.२४ कोटी लोक राहत होते. या जुन्या भाजकाने माणशी ४८ हजार रुपये. म्हणजे राज्य सरकार सरासरी महाराष्ट्रीय माणसामागे जेवढे खर्च करते, जवळजवळ तेवढीच रक्कम मुंबईकरामागे एकटी महानगरपालिका मांडते, आणि राज्याच्या तक्त्यात तिचा बहुतांश भाग दिसतच नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून महानगरपालिकांच्या आणि त्यानंतर पंचायत राज संस्थांच्या वित्तव्यवस्थेवर वेगळे अहवाल काढायला सुरुवात केली आहे. त्याचे मी स्वागत करतो, पण तीन पुस्तके एकमेकांना जोडून वाचण्याची सोय अजून व्हायची आहे.

दरडोई आकडा हातात आल्यावर त्याचा अर्थ लावणे ही पुढची जबाबदारी. अरुणाचल प्रदेशात ८३,७४३ चौरस किलोमीटरमध्ये २०११ साली जेमतेम १३.८ लाख लोक राहत होते. घनता दर चौरस किलोमीटरला १७. बिहारची घनता त्याच वेळी १,१०६ होती. डोंगरातल्या एका गावापर्यंत रस्ता न्यायचा, तिथे शिक्षक आणि परिचारिका ठेवायची, तर तो खर्च काही शे माणसांत वाटला जातो. गंगेच्या मैदानात तेवढ्याच लांबीचा रस्ता हजारो लोक वापरतात. म्हणून ईशान्येकडील राज्यांचा मोठा दरडोई खर्च पाहून त्यांना लाडावले जात आहे असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याचप्रमाणे लहान राज्यालाही विधिमंडळ, सचिवालय, लोकसेवा आयोग हे सर्व ठेवावेच लागते. माझ्या मते खरी तुलना एकसारख्या राज्यांची करावी: बिहारची उत्तर प्रदेश आणि झारखंडशी, महाराष्ट्राची तमिळनाडू, गुजरात आणि कर्नाटकाशी, सिक्कीमची मिझोरामशी.

दरडोई स्तंभ देणे भारतात अशक्य आहे, असे कोणी म्हणेल तर त्याला राष्ट्रीय आरोग्य लेखे दाखवावेत. राष्ट्रीय आरोग्य प्रणाली संसाधन केंद्र ते तयार करते आणि त्यात आरोग्यावरील सरकारी खर्च दरडोई रुपयांत, प्रमुख राज्यांच्या तक्त्यासह दिला जातो. देशपातळीवर हा आकडा २०१४-१५ मध्ये १,१०८ रुपये होता आणि २०२१-२२ मध्ये ३,१६९ रुपये झाला. अर्थात हे चालू किमतींचे आकडे आहेत आणि शेवटचे वर्ष कोविडच्या काळातले आहे. या प्रकाशनाची गती मात्र मंद आहे. २०२१-२२ चे लेखे सप्टेंबर २०२४ मध्ये हाती आले. तरीही पद्धत स्पष्ट आहे, व्याख्या पुढे मांडलेल्या आहेत आणि कोणत्या वाचकाला कोणता आकडा हवा असतो याची जाण त्यात दिसते. रिझर्व्ह बँकेच्या पुस्तकाची तयारी याहून कितीतरी वेगवान आहे. तिला ही एक सवय जोडली तर दोन्हींचे गुण एकत्र येतील.

बाहेरच्या देशांपैकी ब्रिटनचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. तिथले अर्थखाते दरवर्षी इंग्लंडचे नऊ विभाग, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्यासाठी दरडोई सरकारी खर्च प्रसिद्ध करते. संरक्षण किंवा राष्ट्रीय कर्जावरील व्याज असा जो खर्च कोणत्याही एका प्रदेशासाठी झाला असे म्हणता येत नाही तो बाजूला काढला जातो, उरलेला प्रदेशांना नेमून दिला जातो, आणि देशाची सरासरी १०० धरून प्रत्येक प्रदेश तिच्या वर आहे की खाली हे एका नजरेत दाखवले जाते. २०१९-२० मध्ये देशाची सरासरी माणशी ९,८९५ पौंड होती. इंग्लंड ९,६०४, वेल्स १०,९२९, स्कॉटलंड ११,५६६ आणि उत्तर आयर्लंड ११,९८७. तिथेही या आकड्यांवरून वाद होतात आणि निधीवाटपाच्या १९७० च्या दशकातल्या सूत्रावर टीका होते, परंतु वाद घालणाऱ्या सर्वांच्या हातात एकच तक्ता असतो. विशेष म्हणजे केंद्र आणि प्रादेशिक सरकार अशा दोघांचा खर्च तिथे एकत्र मोजलेला असतो, जे आपल्याकडे आजवर नियमितपणे होत नाही.

राज्याच्या पोटातल्या प्रदेशांचा प्रश्न तर याहून अवघड आहे, आणि मराठी वाचकाला तो जिव्हाळ्याचा आहे. १९५३ च्या नागपूर करारात निधी लोकसंख्येच्या प्रमाणात देण्याचे वचन होते. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) ने विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांत विकासखर्चाचे समन्यायी वाटप करण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवण्याची तरतूद केली. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये जिल्हानिहाय अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या तुलनेत विकासात राहिलेली तूट, मोजला; तो सुमारे ३,१८७ कोटी रुपये भरला आणि त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांहून अधिक होता. त्यानंतर १९९४ मध्ये विकास मंडळे आली, २०१३ मध्ये विजय केळकर समितीचा अहवाल आला, आणि एप्रिल २०२० मध्ये मंडळांची मुदत संपली. इतका इतिहास असूनही, गडचिरोलीतल्या माणसामागे या वर्षी राज्याने किती खर्च केला आणि पुण्यातल्या माणसामागे किती, हे एका तक्त्यात दाखवणारे वार्षिक प्रकाशन वाचकाच्या हाती नाही.

याचे एक कारण हिशेबाच्या रीतीत आहे. देयक ज्या कोषागारात सादर होते तिथे खर्च नोंदला जातो. मुंबईतल्या अधिदान व लेखा कार्यालयातून निघालेला पैसा चंद्रपूरच्या कामासाठी असू शकतो, आणि नागपूरच्या कोषागारातून निघालेले निवृत्तिवेतन एखाद्या विभागीय कार्यालयातल्या निवृत्तांचे असू शकते. आहरण व संवितरण अधिकाऱ्याचा, म्हणजे कोषागारातून पैसा काढून वाटणाऱ्या अधिकाऱ्याचा, पत्ता आणि लाभार्थ्याचा पत्ता एकच असेल असे नाही. निधीवाटपासाठी राज्याची बीम्स ही संगणकीय प्रणाली वापरात असल्यामुळे लेखाशीर्षासोबत (खर्चाच्या हिशेबी वर्गवारीसोबत) लाभार्थी जिल्ह्याची नोंद सक्तीची करणे आता आवाक्यातले आहे. रिझर्व्ह बँकेच्या पुस्तकाने जिल्ह्यांपर्यंत जावे अशी अपेक्षा मी करत नाही. ती राज्याची जबाबदारी आहे. परंतु राज्यपातळीवर माणशी हिशेबाचा पायंडा पडला तर जिल्ह्यासाठी तो मागणे लोकांना सोपे जाईल.

वापराच्या सोयीबद्दल थोडक्यात. सांख्यिकी तक्ते एक्सेलमध्ये मिळतात, त्यामुळे भागाकाराचे श्रम कमी होतात. अर्थसंकल्पीय अंदाज आणि प्रत्यक्ष लेखे यांत अनेक राज्यांत मोठी तफावत पडत असल्याने दरडोई तुलना नेहमी लेख्यांच्या स्तंभावर करावी, मग ती दोन वर्षे जुनी का असेना. या लेखात मी अंदाज वापरले ते केवळ मापांतला फरक दाखवण्यासाठी. प्रकाशन इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठीत निदान शब्दसूची आणि सारांश मिळाला, तर जिल्हा परिषदेच्या सदस्यापासून महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यापर्यंत त्याचा उपयोग कितीतरी वाढेल. राज्यांच्या सामाजिक निर्देशकांसाठी बँकेचेच 'हँडबुक ऑफ स्टॅटिस्टिक्स ऑन इंडियन स्टेट्स' शेजारी ठेवावे. लोकसंख्या, दरडोई उत्पन्न आणि बालमृत्युदर तिथे एकत्र मिळतात.

राज्यांच्या पैशांविषयी गांभीर्याने बोलू किंवा लिहू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकाशन दर वर्षी उतरवून घ्यावे, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. सुरुवात प्रस्तावनेतल्या आलेखांपासून न करता महसुली खर्चाच्या परिशिष्टातील सामाजिक सेवांच्या ओळीपासून करावी, आणि आपल्या राज्याशेजारी एक सारख्या घडणीचे व एक अगदी वेगळे राज्य ठेवून पाहावे. प्रकाशकांकडे माझी मागणी इतकीच आहे की पुढील आवृत्तीत प्रत्येक राज्याच्या स्तंभाखाली तज्ज्ञ गटाच्या अंदाजानुसार लोकसंख्या आणि सामाजिक सेवांवरील दरडोई खर्च अशा दोन ओळी वाढवाव्यात, केंद्राच्या थेट योजनांचा राज्यनिहाय खर्च जिथे उपलब्ध आहे तिथे तो वेगळ्या तक्त्यात द्यावा, आणि २०२७ च्या जनगणनेचे आकडे हाती आले की २०११ नंतरच्या सर्व वर्षांचा हिशेब सुधारित लोकसंख्येने पुन्हा मांडावा.